तळघरातली समष्टी

न्यू जर्सीतल्या एडिसनमध्ये, घराच्या तळघरात, वॉशिंग मशीनशेजारी बसून मी सध्या जनतेचं आरोग्य सुधारतोय. डॉक्टरेट करतोय. पीएचडी नव्हे, डीआरपीएच, म्हणजे सार्वजनिक आरोग्यातली. पीएचडीवाले नवं ज्ञान शोधतात, आपण आहे ते कामाला लावायचं, असं पहिल्याच तासाला सांगितलं. नोकरी सांभाळून, बहुतांश ऑनलाइन. 'बहुतांश' म्हणजे वर्षातून तीन दिवस कॅम्पसवर जायचं, ज्यांचे नुसते चेहरे चौकोनात पाहिले त्यांची उंची पाहून दचकायचं, आणि गळ्यात बिल्ला अडकवून फोटो काढायचा.

साताऱ्याहून आईचा फोन आला. "डॉक्टर होतोयस, तर माझ्या गुडघ्याचं बघ की."

आम्ही एकेकाचा गुडघा बघत नाही, म्हटलं. जेफ्री रोज नावाच्या ब्रिटिश साथरोगतज्ज्ञाने १९८५ सालीच बजावलंय: हा माणूस आजारी का, हा एक प्रश्न, हा समाज आजारी का, हा वेगळाच. "तेव्हा तुझा गुडघा का दुखतो हा मुद्दाच नाही. साताऱ्यातले गुडघे का दुखतात?"

"साताऱ्याचं सातारा बघेल. माझा दुखतो कारण तिसरा मजला आहे आणि लिफ्ट नाही."

याला आमच्यात आरोग्याचे सामाजिक निर्धारक म्हणतात. मला ते कळायला दोन सत्रं लागली आणि फीचे चार हप्ते.

दर बुधवारी रात्री ११.५९च्या आत एक टिपण द्यायचं, रविवारपर्यंत दोन सहाध्यायांच्या टिपणांवर मत द्यायचं. "आपला मुद्दा विचारप्रवर्तक आहे" या वाक्यावर निम्मं सत्र निघतं. अपुऱ्या झोपेचे दुष्परिणाम मी ११.५७ला पाठवले. एकाकीपणा ही आरोग्याची समस्या आहे असं अमेरिकेचे तेव्हाचे सर्जन जनरल विवेक मूर्ती यांनी २०२३मध्ये जाहीर केलं; त्यावरचा निबंध पुरा करायचा म्हणून मंडळाच्या गणपतीला गेलो नाही. बायको मोदक डब्यात घेऊन आली. थंड होते.

जॉन स्नो नावाचा डॉक्टर मात्र १८५४मध्ये पटकीच्या साथीत लंडनच्या सोहोत दारोदार फिरला, पाणी कुठून भरता म्हणून विचारलं, आणि पंपाचा दांडा काढायला लावला. आज त्याला आधी नैतिकता समितीचा अर्ज भरावा लागला असता; मंजुरी येईपर्यंत पटकी आपोआप आटोपली असती. तशीही ती ओसरू लागली होती, हे त्यानेच प्रामाणिकपणे नोंदवलंय. आरोळे दांपत्याने १९७०पासून जामखेडला गावातल्या बायकांनाच आरोग्यसेविका केलं, त्यातल्या कित्येक निरक्षर होत्या. त्यावर मी दोनशे शब्द लिहिले. साताऱ्यात वाढलो, जामखेडला कधी गेलो नाही.

गेल्या महिन्यात रक्त तपासलं. एचबीए१सी ६.१, म्हणजे मधुमेहाच्या उंबरठ्यावर. डॉक्टर (गुडघे बघणारे) म्हणाले, "बैठं काम दिसतंय. जागरणं? ताण? काय करता?"

सांगितलं.

त्यांनी चष्म्यावरून एकदा पाहिलं आणि खणातून एक छापील कागद काढून हातात ठेवला: रोज तीस मिनिटं चाला, सात तास झोपा, भात कमी. मी तो लगेच ओळखला. असले कागद वाटून काडीचा फरक पडत नाही, यावर दुसऱ्या सत्रात मला 'ए' मिळाला होता.