ओळख वाढवणारे पदार्थ टाळा

जवळचं, ताजं, ओळखीच्या माणसाकडचंच खावं, असं सांगणाऱ्यांची सध्या चलती आहे. त्यानं म्हणे समाज जोडला जातो. कोल्हापूरकराला हे सांगायला व्याख्याता कशाला? त्याला यातून सुटका कशी करून घ्यायची, ते सांगणारा हवाय.

गंगावेशीतला दूध कट्टाच बघा. म्हशी उभ्या असतात, गवळी डोळ्यांदेखत धार काढतो आणि फेसाळ ग्लास हातात देतो. तो तोंडाला लागतो न लागतो तोच शेजारून प्रश्न येतो, “काय ओ, दोन दिस दिसला न्हाईसा? पोरीचं जमलं काय?” मिशीला फेस लागलेल्या माणसाला थाप मारता येत नाही. ग्लास रिकामा होईस्तोवर मुलाचा पगार, त्याची शेती आणि त्याच्या मामाचा स्वभाव या सगळ्यावर कट्ट्याचा ठराव झालेला असतो. ॲपवरनं आलेल्या पिशवीनं कधी कुणाच्या पोरीची चौकशी केलीय? याला म्हणतात सोय!

याहून धोक्याचं ठिकाण म्हणजे उन्हाळ्यातला डंक, म्हणजे चटणी कुटायची गिरणी. वर्षाची चटणी कुटून आणायची तर मिरची, खोबरं, लसूण, धणे सगळं चारचौघींसमोर उघडं करावं लागतं. “वैनी, औंदा खोबऱ्याला हात आखडला जणू?” एवढं कानावर पडलं की पुढच्या वर्षी ऋण काढून खोबरं येतं. मिरची मात्र बरीचशी ब्याडगी, म्हणजे कर्नाटकातली. सीमाप्रश्नावर रस्त्यावर उतरणारं आमचं शहर डंकावर तो विषय चुकूनही काढत नाही. तांबड्या रश्श्याला रंग कुठनं आणणार? शिंका तेवढ्या अस्सल स्थानिक.

खेड्यात गेलात तरी सुटका नाही. ‘गोकुळ’ हा जिल्ह्याचा दूध संघ १९६३ साली सुरू झाला. तेव्हापासून गावोगावच्या डेअरीपुढं सकाळ-संध्याकाळ किटल्यांची रांग. कुणाच्या म्हशीला किती फॅट लागली यावर भांडणं होतात, पॅनेलं पडतात. बांधावरनं कोर्टात गेलेले भाऊबंद दिवसातनं दोनदा त्याच रांगेत मागं-पुढं उभे. समाज जोडलेला असतो तो असा. तो प्रेमळही असतो, असं कुणी सांगितलं?

२०१९ च्या ऑगस्टमध्ये पंचगंगेचं पाणी महामार्गावर आलं आणि शहराचा संपर्क तुटला. तेव्हा तालमी-मंडळांनी चुली पेटवल्या. कुठल्या गल्लीत किती पानं लागतील याचा सर्व्हे करत बसायला वेळ नव्हता. पण वर्षानुवर्षं नको तेवढ्या चौकशा केलेल्या लोकांना ते तोंडपाठ होतं. आगाऊपणाचा असाही उपयोग होतो. पण महापूर काय रोज येतो?

तेव्हा उपनगरातल्या एका नव्या अपार्टमेंटचा आदर्श घ्यावा. रहिवाशांची एकमेकांशी ओळख व्हावी म्हणून तिथं स्नेहमेळावा ठरला. जेवण ज्यानं त्यानं ॲपवर मागवायचं, म्हणजे पंगत नको, भांडी नकोत आणि मीठ कमी पडलं म्हणून कुणाचा उद्धारही नको. पार्सलं वेळेत आली. पण चौथ्या मजल्यावरचे पाटील नेमके कोणते, हे कमिटीलाच ठरवता येईना. शेवटी पार्सल घेऊन आलेल्या पोरानं चेअरमनच्या हातातली यादी घेतली आणि एकेकाची ओळख करून द्यायला सुरुवात केली.