माहेरची टीम

– वहिनी, काल रात्री दोन वाजेपर्यंत जुनी मॅच बघत बसलो मोबाइलवर. आपला आयुष म्हात्रे! बेंगळुरूला 48 चेंडूंत 94.

– हरलेच ना चेन्नईवाले शेवटी?

– दोन धावांनी हो! त्यात पोराचा काय दोष? सतराव्या वर्षी वानखेडेवर पहिली आयपीएल मॅच, तीही मुंबईविरुद्ध, पिवळा शर्ट घालून. 15 चेंडूंत 32. छाती लागते.

– पण जागा कुणाची मिळाली, तेही सांगा. आमच्या ऋतुराजचं कोपर दुखावलं, म्हणून विरारला बोलावणं आलं.

– आमच्या? इतकी वर्षं विरारचं पाणी पिताय!

– ते येतं कधी प्यायला? आणि माहेर पिंपरीचं आहे माझं. तुमच्या आयुषने रणजीतलं पहिलं शतक काढलं कुणाविरुद्ध? महाराष्ट्राविरुद्ध. 176! दुसरं कुणी सापडलं नाही?

– सापडलं की. त्याच वर्षी विजय हजारेत नागालँडविरुद्ध 117 चेंडूंत 181. एवढ्या लहान वयात दीडशेच्या वर वनडेत तोवर कुणी गेलं नव्हतं. आधीचा विक्रम यशस्वी जयस्वालचा.

– पोरगं गुणी आहे, नाही कुठे म्हणतेय? पहाटे उठून आजोबांबरोबर विरार लोकलने जायचं. या गाडीत आपल्याला पर्स सांभाळत उभं राहता येत नाही, आणि हा किटबॅग घेऊन! खरं शतक आजोबांचं. पण आमचा ऋतुराज काय कमी आहे?

– थेरगावच्या वेंगसरकर अकादमीत शिकला ना? म्हणजे मुंबईकराच्याच हाताखाली.

– घ्या! सगळं तुमचंच. सासूबाईंना अजून पत्ता नाही, एका राज्याच्या तीन टीमा कशा. मुंबई-महाराष्ट्र मॅच लावली की विचारतात, यांची वाटणी कधी झाली?

– आणि तिसऱ्या वाटेकऱ्याने काय केलं? विदर्भाने त्याच मोसमात सेमीफायनलला आम्हाला लोळवलं आणि रणजी नेली.

– बरं झालं! आता तर तुमचा पृथ्वी शॉही आमच्याकडे. आल्या आल्या चंदीगडला 222 ठोकले.

– त्याचं नाव नका काढू सकाळी सकाळी. हॅरिस शील्डमध्ये 546 मारल्या होत्या, तेव्हा अख्खं विरार पेढे वाटत होतं. आयुषचं कौतुक करताना म्हणून मी जीभ आवरतो... तुमच्यासमोर सोडून. ते जाऊ द्या. तुमचा चिरंजीव हल्ली गच्चीत ठोकाठोकी करतो, तो कुणाकडून खेळणार?

– हळू बोला. चर्चगेटला नाव घातलंय त्याचं, परवा पासही काढला. पिंपरीला दादाला अजून कळवलेलं नाही. दिवाळीला तो आला, तर तुम्ही आपले गप्प राहा.