देशातलं पहिलं गाव, पुन्हा एकदा

आपल्याकडे देशातलं पहिलं गाव दर दोन-चार वर्षांनी नव्याने जन्माला येतं. २०१५च्या जानेवारीत गुजरातच्या साबरकांठा जिल्ह्यातलं अकोदरा पहिलं डिजिटल गाव म्हणून राष्ट्राला अर्पण झालं. त्यानंतर थोड्याच काळात मेळघाटातलं आपलं हरिसालही देशातलं पहिलं डिजिटल गाव झालं, आणि दोघांच्या पहिलेपणात कसलाही तंटा झाला नाही. डिसेंबर २०१६मध्ये, नोटाबंदीचा धुरळा खाली बसायच्या आत, मुरबाड तालुक्यातलं धसई राज्यातलं पहिलं रोकडरहित गाव ठरलं. २०२५च्या ऑगस्टमध्ये नागपूर जिल्ह्यातल्या सातनवरीचा नंबर लागला. ते देशातलं पहिलं ‘स्मार्ट आणि इंटेलिजंट’ गाव. मग राज्यातली बाकीची चाळीस हजारांवर गावं कोण, असा प्रश्न विचारणं असभ्यपणाचं होईल. एवढं मात्र खरं की पहिल्या गावाच्या बातम्या भरपूर सापडतात, दुसऱ्या गावाची एकही सापडत नाही. एखादी गोष्ट खरोखर चालली असती तर दुसरं, तिसरं, दोनशेवं गावही झालं असतं आणि तेव्हा त्याची बातमी झाली नसती. विजेच्या दोनशेव्या गावाची बातमी कुणी छापली होती?

आपल्या ग्रामीण नवकल्पनांचं वय उद्घाटनाच्या दिवशी मोजलं जातं, हा माझा आक्षेप आहे. लग्न थाटात आणि नांदणं वाऱ्यावर, असा हा संसार. हरिसालचंच पाहा. डोंगरातलं, कोरकू वस्तीचं, मोबाइलला रेंज मिळणंही मुश्कील असलेलं गाव निवडलं. तिथे वायफाय, दूरवरच्या डॉक्टरशी पडद्यावरून बोलायची सोय, बँकेचं यंत्र असं बरंच काही नेलं, आणि सोबत मायक्रोसॉफ्टसारखं वजनदार नाव जोडलं. निवड चुकीची नव्हती. सोयी न्यायच्या तर अशाच गावात न्याव्यात. पुढे २०१९ची लोकसभा निवडणूक आली. सरकारी जाहिरातीत लाभार्थी म्हणून झळकलेला तरुण राज ठाकरे यांनी थेट सभेच्या व्यासपीठावर उभा केला आणि गावातल्या बंद सोयींचे व्हिडिओ दाखवले. सत्ताधाऱ्यांनी इन्कार केला. मेळघाटातल्या एका गावातलं वायफाय चालू आहे की बंद, यावर अख्खा महाराष्ट्र चारआठ दिवस बोलला. ते बंद पडलं तर हरिसालच्या माणसाने कुणाला फोन करायचा आणि रेंज नसताना तो कुठून करायचा, हे मात्र एकाही पक्षाने विचारलं नाही. चालू-बंदचा वाद निवडणुकीला पुरतो, दुरुस्तीचा पुरत नाही.

गंमत अशी की गावासाठी यंत्र कसं करावं, याचा धडा याच महाराष्ट्राने जगाला दिलेला आहे. त्याला ‘पहिलं’ म्हणायचं तेवढं राहून गेलं. ते यंत्र म्हणजे हापसा. साठच्या दशकाच्या अखेरीस दुष्काळी भागात खडक फोडणारी यंत्रं न्यायची, बोअर पाडायची आणि वर ओतीव लोखंडाचा पंप बसवायचा, अशी रीत पडली. हे पंप मुळात युरोप-अमेरिकेतल्या एकेका कुटुंबाच्या परसातले. तिथे दिवसाकाठी चार बादल्या निघायच्या. इथे पहाटेपासून रात्रीपर्यंत सारं गाव त्या दांड्याला लोंबकळणार. सत्तरच्या दशकाच्या मध्याला युनिसेफच्या पाहणीत चारांतले जवळजवळ तीन पंप बंद सापडले. कागदावर मात्र त्या साऱ्या गावांची तहान भागलेली होती, कारण पंप ‘बसवला’ होता. उपाय कुठल्या मंत्रालयातून आला नाही. जालन्याच्या मिशनमधल्या मंडळींनी आणि सोलापुरात ऑस्कर कार्लसन या स्वीडिश गृहस्थाने ओतीव लोखंडाचा नाद सोडून पोलादाचे, गावाच्या हाताला टिकतील असे पंप घडवले. दांड्याच्या आतल्या टोकाला पाव वर्तुळाची कमान, कमानीवर साखळी आणि साखळीला लटकलेली, खाली पाण्यात उतरणारी सळई. दांडा दाबला की साखळी कमानीवर चढते आणि सळई सरळ वर येते. तिला तिरकी ओढ बसत नाही, त्यामुळे ती झिजत नाही आणि तुटत नाही. यावरूनच पुढे युनिसेफ आणि मद्रासचा रिचर्डसन अँड क्रुडासचा कारखाना यांच्या मदतीने इंडिया मार्क-२ हा पंप तयार झाला. १९७०च्या दशकाच्या अखेरीपासून तो लाखोंनी बसला आणि आफ्रिकेतल्या देशांतही गेला.

पण खरी अक्कल साखळीत नव्हती. तमिळनाडूत या पंपासाठी तीन पायऱ्यांची व्यवस्था लावली. गावातलाच एक राखणदार, तालुक्याला एक मेकॅनिक आणि जिल्ह्याला फिरतं पथक. राखणदाराच्या हाती पाने दिले आणि छापील पोस्टकार्डं दिली. बोल्ट सैल झाला तर त्याने आवळायचा, साखळीला वंगण घालायचं, आणि आपल्याच्याने होत नसेल तर कार्ड टाकायचं. ज्याला आज आपण ‘तक्रार निवारण पोर्टल’ म्हणतो ते हेच, फक्त त्याला पासवर्ड लागत नव्हता. पुढे मार्क-३ आला. त्याचं वेगळेपण असं की आतला दट्ट्या काढायला जमिनीतले सगळे पाइप उपसावे लागत नाहीत. गावातल्या दोघाचौघांना वरच्या वर तो ओढून काढता येतो. म्हणजे हा शोध जास्त पाणी काढण्यासाठी लावलेला नव्हता, दुरुस्ती सोपी व्हावी म्हणून लावलेला होता. असा शोध लावणाऱ्याला आजच्या स्टार्टअप मेळाव्यात व्यासपीठावर कुणी चढू देईल का, याची शंका आहे. ‘तुमचं यंत्र बिघडणार आहे हे तुम्ही आधीच कबूल करता?’ असं म्हणून गुंतवणूकदार उठून जेवायला जातील.

यावर पहिला आक्षेप येतो तो असा की हापसा म्हणजे लोखंड. सेन्सर, ड्रोन आणि क्लाउड गावात कोण दुरुस्त करणार? हा आक्षेप घेणाऱ्यांनी कुठल्याही तालुक्याच्या एसटी स्टँडासमोरून एक चक्कर मारावी. तिथे सहा बाय आठच्या टपरीत दहावी-बारावी शिकलेली पोरं भिंग डोळ्याला लावून मोबाइलचा डिस्प्ले बदलतात, चार्जिंगची पिन बसवतात, पाण्यात पडलेला फोन जिवंत करतात. शेतात उभ्या केलेल्या बहुतेक सेन्सरपेक्षा फोनचं पोट गुंतागुंतीचं असतं. हे शिकायला त्यांना कुठल्याही कौशल्य विकास अभियानाची वाट पाहावी लागली नाही. सुटा भाग तालुक्याला मिळतो, गिऱ्हाईक पैसे देतं आणि काम बिघडलं तर तेच गिऱ्हाईक दुसऱ्या दिवशी येऊन आईबापाचा उद्धार करतं. तंत्रज्ञान टिकायला या तीनच गोष्टी लागतात, आणि सरकारी प्रकल्पात नेमक्या याच तीन नसतात. सुटा भाग पुण्या-बंगळुरूला, पैसे मंत्रालयातून, आणि शिव्या द्यायच्या तर टोल फ्री क्रमांकाला.

दुसरा आक्षेप जास्त वजनाचा आहे. प्रयोग म्हटला की फसणारच. फसण्याला घाबरलात तर नवं काही होणार नाही, असं म्हणतात. बरोबर आहे. मग फसल्याचं कुठेतरी लिहून ठेवा. १९९८ साली कोल्हापूर-सांगलीतल्या सत्तर गावांसाठी वारणेचा ‘वायर्ड व्हिलेज’ प्रकल्प उभा राहिला. केंद्र, राज्य आणि वारणेचा सहकार, सगळे एकत्र. गावोगावी संगणक बसतील, शेतकरी इंटरनेटवर बाजारभाव पाहील, सरकारी दाखले काढील, जगाचं ज्ञान बांधावर येईल, असा बेत होता. काही वर्षांनी मायक्रोसॉफ्टच्या संशोधकांनी जाऊन पाहिलं तर संगणक चालत होते, पण इंटरनेटसाठी नव्हे. शेतकरी तिथे येऊन आपली ऊस नोंद पाहायचा, तोडणीची पाळी विचारायचा, आणि कारखान्याच्या काट्यावर किती टन भरला त्याची पावती घ्यायचा. मग त्यांनी तेवढंच काम साध्या मोबाइलच्या एसएमएसवर आणलं आणि सात गावांत ते नीट चाललंही. यात वारणेचं अपयश मला कुठे दिसत नाही. शेतकऱ्याने आपल्याला काय हवं ते सांगितलं: जगाचं ज्ञान नंतर बघू, आधी माझ्या उसाचं वजन सांगा. काटामारीच्या तक्रारीवर ज्या भागात पिढ्यान्‌पिढ्या आंदोलनं झाली, तिथे ही मागणी संगणकयुगाच्या मानाने मागास म्हणता येणार नाही. पण हे शहाणपण एका शोधनिबंधात राहिलं. आता बारामतीत उसाला एआय जोडलेलं आहे, थेट मायक्रोसॉफ्टच्या सत्या नडेलांनी त्याचं कौतुक केलेलं आहे, आणि उसाला पाणी कधी हवं ते उपग्रह आणि सेन्सर मिळून सांगतात. प्रयोग चांगला आहे. पाणी आणि खत वाचलं तर कुणाला नको आहे? पण उसाची तहान आभाळातून कळावी आणि उसाचं वजन मात्र काट्यावर उभं राहूनही कळू नये, ही प्रगती जरा एका अंगाने झाली.

ज्या नवकल्पना खरोखर घराघरांत पोचल्या त्यांतल्या काही तर कामाची बदली करणाऱ्या आहेत. ई-पीक पाहणी घ्या. १५ ऑगस्ट २०२१पासून ती राज्यभर लागू झाली. त्याआधी पीक कोणतं हे तलाठ्याने बांधावर जाऊन लिहायचं असे, आणि तो चावडीत बसून लिहितो अशी तक्रार असे. तक्रार खरी होती. उपाय असा निघाला की तलाठ्याने चावडीतून उठण्याऐवजी शेतकऱ्याने स्मार्टफोन घेऊन आपल्याच शेतात उभं राहावं, जीपीएस लागेपर्यंत हात वर करून थांबावं, पिकाचा फोटो काढावा आणि रेंज आली की अपलोड करावा. नोंद नसेल तर पुढे पीक विमा आणि हमीभावाची खरेदी यांत अडचण. माझी नोंद मी करणार, हे तत्त्व उत्तम आहे. सातबारा घरबसल्या दिसू लागला हेही उत्तमच, त्यासाठी मारलेल्या खेपा आठवणारे ते नाकारणार नाहीत. पण ज्याच्याकडे साधा फोन आहे तो जातो गावातल्या सेवा केंद्रात. तिथला मुलगा एका हाताने प्रिंटरचा कागद सरळ करत, पडद्यावर गोल फिरणाऱ्या चक्राकडे बघत म्हणतो, ‘सर्व्हर डाऊन आहे, उद्या या.’ साहेब मीटिंगला गेलेत, या जुन्या वाक्याचीच ही नवी आवृत्ती. फरक एवढाच की साहेब कधीतरी परत यायचे आणि त्यांना घेराव घालता यायचा.

एवढं ऐकल्यावर कुणी म्हणेल, म्हणजे शेतकऱ्याला जुन्यातच ठेवायचं. शेतकरी जुन्यात राहतो हा समज मुळात कुणी पसरवला? नान्नजच्या नानासाहेब काळ्यांनी सोनाका द्राक्ष निवडलं ते स्वतःच्या बागेत. नागभीड तालुक्यातल्या नांदेडच्या दादाजी खोब्रागडेंनी आपल्या दीड एकराच्या आसपासच्या शेतीत वेगळी लोंबी ओळखून एचएमटी तांदूळ काढला. तो अनेक राज्यांत पेरला गेला, कृषी विद्यापीठाने त्यावरून आपलं शुद्ध केलेलं वाण बाहेर काढलं, खोब्रागडेंना पुरस्कार मिळाले, आणि २०१८ साली ते गेले ते तंगीतच. ठिबकही वेगाने पसरलं, कारण अनुदान होतंच, पण तालुक्याला नळ्या, जोड आणि फिल्टर विकणारा दुकानदारही होता. आणि हिवरे बाजारने शेतीसाठी बोअर घ्यायची नाही असा नियम केला, दरवर्षी पाण्याचा ताळेबंद मांडायला सुरुवात केली. हापशासाठी शिकलेली बोअर पाडायची विद्या पुढे आपण कुठवर नेली ते पाहता, हा नियम मला हापशाइतकाच मोठा शोध वाटतो. नियमाला फीत बांधता येत नाही, ही त्याची गैरसोय.

म्हणून एक व्यवहारी सूचना. राज्याने २०२५मध्ये शेतीसाठी एआयचं धोरण आणलं आणि ५०० कोटी ठेवले. यापुढे या किंवा अशा कुठल्याही पैशातून गावात जे यंत्र जाईल, त्याच्या निविदेत सुटे भाग तालुक्याच्या गावी मिळतील अशी अट घालावी, आणि ठेकेदाराच्या बिलाचा मोठा हिस्सा ते तीन वर्षांनंतरही चालत असल्याचं ग्रामसभेने लिहून दिल्यावरच सोडावा. ग्रामसभा राजकारण करील, असं लगेच म्हटलं जाईल. करील की, मंत्रालयात तर फक्त तंत्रज्ञान चालतं! उद्घाटनाला माझा विरोध नाही, मंडपवाल्याचंही पोट आहे. फक्त तो सोहळा तिसऱ्या वर्षी करावा. पाहुण्यांनी बटण दाबावं, यंत्र चालू झालं तर फीत कापावी, नाही झालं तर चहा घेऊन परत जावं. आणि पत्रिकेवर ‘प्रमुख उपस्थिती’खाली पंचायत समितीच्या मेकॅनिकचं नाव छापावं. ते पद भरलेलं असलं तर.