बॉनेटखालच्या स्टिकररावांना खुले पत्र

श्री. स्टिकरराव,
मु. पो. बॉनेटची आतली बाजू.

स. न. वि. वि.

इतकी वर्षे धूळ आणि ऑइलचे शिंतोडे खात बसला आहात, तरी तुमचा हेका काही सुटत नाही: 'एचएफसी-१३४ए, ४२० ग्रॅम, कमी-जास्त २० ग्रॅम.' अहो, ग्रॅमवर सोने घेतात, केशर घेतात. एसीचा गॅस भरायचा असतो तो 'फुल्ल'!

आमच्या गॅसमास्तरांकडे बघा. एप्रिलचे ऊन, झाडाखाली गाडी, बॉनेट वर. निळा पाइप लावला, लाल लावला, पोऱ्याला रेस द्यायला बसवले. एका हातात कॅन उलटा-सुलटा होतोय, दुसऱ्या हाताची चिमूट एसीच्या जाड नळीवर. नळीला घाम फुटला की मास्तर विचारतात, "थंड आली ना हवा, साहेब?" साहेब व्हेंटसमोर तळवा धरतात. "आली." झाली भरणी! पंपावर मीटर शून्यावर आहे ना, हे मान वाकडी करून बघणारे आम्ही; इथे काटा मागायचे आमच्या मनातसुद्धा येत नाही.

तुम्ही म्हणणार, गेजच्या सुईवरून गॅस किती ते कळत नाही. बरोबर आहे. घरचा सिलिंडर १४.२ किलोचा आहे ना, हे आपण काट्याला टांगूनच बघतो. कारण आत द्रव शिल्लक आहे तोवर दाब ठरतो तो तापमानावर. बंद गाडीतही तेच. सगळी यंत्रणा ३० अंशांवर असली की सुई शंभर पीएसआयच्या जरा खाली थांबते, आत २०० ग्रॅम असो की ५००. गाडी चालू केली की तीच सुई ऊन, पंखा, कंडेन्सरवरचा चिखल, इंजिनचे फेरे, सगळ्यांचे ऐकते. पण हे पुराण ऐकायला वेळ कुणाला आहे? मागे दोन गाड्या हॉर्न देत उभ्या आहेत.

आणि जास्त भरला तर एवढे काय बिघडते? जादा गॅस द्रव होऊन कंडेन्सरमध्ये तुंबतो, उष्णता बाहेर टाकायला जागा कमी पडते, दाब चढतो, कॉम्प्रेसर कण्हायला लागतो. सिग्नलला गाडी उभी राहिली की आत कोमट वारा. मग साहेब पुन्हा झाडाखाली येतात, 'कूलिंग कमी आहे' म्हणतात, आणि मास्तर मोठ्या मायेने आणखी थोडा भरतात. (कमी भरण्यातही मजा आहेच: कॉम्प्रेसरचे ऑइल गॅसबरोबरच फिरते, त्यामुळे त्यालाही उपास घडतो.)

तुमची शास्त्रोक्त रीत आम्हाला ठाऊक आहे. आधी गळती शोधा, उरलेला गॅस मशीनने काढून घ्या, व्हॅक्यूम पंप अर्धा-पाऊण तास चालवा, मग गॅसची टाकी काट्यावर ठेवून वजनाने भरा. आमच्याकडे जुना गॅस काढायला मशीन लागत नाही, व्हॉल्व्ह दाबला की फुस्स. हा गॅस शंभर वर्षांच्या हिशेबात कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे १४०० पट तापवतो म्हणतात. म्हणजे तुमच्या त्या ४२० ग्रॅमचा फुस्स साधारण अडीचशे लिटर पेट्रोल जाळल्याइतका. बघा, झाडाखाली बसून एवढे मोठे काम! राहिली गळती. गॅस वापरून संपत नाही, कमी झाला म्हणजे कुठून तरी गेला, हे खरेच. पण ते भोक सापडले तर पुढच्या एप्रिलमध्ये मास्तरांनी करायचे काय?

तेव्हा स्टिकरराव, एक करा. ग्रॅमचा हट्ट सोडून 'अंदाजपंचे दाहोदर्शे' असे छापून घ्या. ते जमत नसेल तर निदान बदली मागा. मागच्या काचेवर, 'आईचा आशीर्वाद'च्या शेजारी थोडी जागा आहे. तिथला मजकूर लोक वाचतात.

आपला,
घामाघूम गाडीमालक