कलम 18 आणि अर्धा तारा

अन्न सुरक्षा आणि मानके कायदा, 2006. याचं कलम 18 ज्याने लिहिलं, त्याचा सत्कार व्हायला हवा. नियम करताना लोकांचं मत खुलेपणाने आणि पारदर्शकपणे घ्यावं, थेट घ्यावं किंवा ‘सर्व स्तरांवरच्या पंचायतीं’सह प्रातिनिधिक संस्थांमार्फत घ्यावं, असं ते सांगतं. तातडी असेल तर सूट आहे. बिस्किटाच्या पुड्यावर पुढच्या बाजूला काय छापावं, या बाबतीत मात्र तातडीचा आरोप हे नियम करणाऱ्या एफएसएसएआय या केंद्रीय प्राधिकरणावर कोणी करणार नाही.

2018 मध्ये मसुदा आला: साखर, मीठ, चरबी जास्त असेल तर लाल खूण. लाल रंग पाहून ‘संबंधित घटक’ अस्वस्थ झाले आणि मसुदा बासनात गेला. 2022 मध्ये नवा आला. त्यात लाल काही नव्हतं, तारे होते. अर्ध्यापासून पाचपर्यंत. शून्य कोणालाच नाही! पदार्थ कितीही वाईट असो, अर्धा तारा पक्का. शिवाय साखरेचे गुण वजा झाले, तर सुकामेवा किंवा तंतुमय घटक घालून भरपाई करायची सोय. आणि पहिली चार वर्षं सगळं ऐच्छिक. दहावीच्या पोरांना ही परीक्षापद्धत कळली, तर मोर्चे निघतील.

मसुद्यावर चौदा हजारांहून अधिक सूचना आल्या. लोकशाही इतकी बहरली, की तिच्याखाली नियमच सापडेना. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं. एप्रिल 2025 मध्ये न्यायालयाने तीन महिन्यांत काम संपवा म्हटलं. तीन महिने संपल्यावर आणखी तीन मिळाले. तिकडे चिलीने 2016 मध्येच पुड्यांवर इशाऱ्याचे काळे अष्टकोन छापले. त्या बिचाऱ्यांना सल्लामसलत कशाशी खातात हेच ठाऊक नसावं.

सल्ला घेण्यात आपण कधीच कमी पडलो नाही. कायदा म्हणतो, वैज्ञानिक समित्यांवर स्वतंत्र तज्ज्ञ असावेत. सुरुवातीच्या समित्यांवर खाद्यकंपन्यांची माणसंही बसली होती. ज्याचा पदार्थ, त्याचंच मत, इतका थेट सहभाग. 2011 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कायद्याची आठवण करून दिली, तेव्हा कुठे समित्या नव्याने नेमाव्या लागल्या.

राहिल्या पंचायती. समजा, उद्या खरंच ग्रामसभेत हा मसुदा आला. ग्रामसेवक राजपत्रातलं इंग्रजी वाचतील. सरपंच विचारतील, “म्हणजे नेमकं काय?” ग्रामसेवक म्हणतील, “फरसाणाला तारे द्यायचेत.” मागून एखादी आजी विचारेल, “नातवाला रोज पाच रुपयांचा पुडा लागतो. तो बरा की वाईट, तेवढंच लिहा की वर.” ठराव मंजूर. सूचक, अनुमोदक, सगळं पाच मिनिटांत. पण आजीची सूचना ठरावीक तक्त्यात नाही, पोटकलमाचा उल्लेख नाही, समर्थनार्थ शास्त्रीय पुरावा जोडलेला नाही. कंपनीच्या सूचनेत हे तिन्ही असतं, कारण ते लिहिण्यासाठी तिने पगारी माणूस ठेवलेला असतो. पुडा खाणाऱ्याच्या बाजूने लिहायला पगारी माणूस नसतो. असते ती मधुमेहाची गोळी, आणि तीही स्वखर्चाने.

खरं सांगायचं तर विचारविनिमयाला कोणाचाच विरोध नाही, कंपन्यांचा तर मुळीच नाही. चर्चा जितकी लांबेल, तितके दिवस पुडा आहे तसाच विकता येतो. एकमत होईपर्यंत थांबायचं ठरलं, की ज्याला थांबायला परवडतं त्याचाच नकाराधिकार चालतो. कंपन्यांचं म्हणणं ऐकावं, जरूर ऐकावं. पण त्याला मुदत हवी, कोण काय म्हणालं ते उघड हवं, आणि निर्णय मालाशी ज्यांचा पैशाचा संबंध नाही त्यांनीच घ्यायला हवा.

तेव्हा वाचकहो, येत्या ग्रामसभेत ‘आयत्या वेळचे विषय’ येतील तेव्हा हात वर करा. कलम 18 चा हवाला द्या, आजीचा ठराव मांडा आणि दिल्लीला पाठवा. उत्तर येईल याची हमी नाही. पण पंचायतींना विचारलं होतं का, हा प्रश्न तरी इतिवृत्तात नोंदवला जाईल.