कोरड्यावरचा जलप्रवास

चौदा फुटी ॲल्युमिनिअमची जुनी मोटरबोट हे मुख्यतः जमिनीवरून प्रवास करणारे वाहन आहे. अमेरिकेतल्या मिनेसोटा राज्यात ती बहुधा कोणाच्या तरी परसात, ताडपत्रीखाली, पाइनच्या सुया अंगावर घेत पडलेली असते. तिथून ती ट्रेलरवर बसून नव्या मालकाच्या गॅरेजात जाते. मग गॅरेजातून रस्ता, रस्त्यावरून तळ्याचा उतार, आणि हे सगळे उरकून दिवस उरलाच तर थोडे पाणी. पाण्याची टंचाई हे काही कारण नव्हे. राज्यात दहा एकर किंवा त्याहून मोठी तळी ११,८४२ आहेत. गाड्यांच्या नंबरप्लेटवर मात्र ‘दहा हजार तळी’ एवढेच छापतात. मिनेसोटाची माणसे स्वतःविषयी कमी बोलतात, त्याचा हा सरकारी पुरावा.

या बोटींचे गोत्र विमानांचे आहे. न्यूयॉर्कजवळच्या लाँग आयलंडवरची ग्रुमन कंपनी दुसऱ्या महायुद्धात लढाऊ विमाने बनवत होती. १९४४ साली तिचे एक उपाध्यक्ष विल्यम हॉफमन सुट्टीत डोंगरातल्या तळ्यांवर गेले. एका तळ्यातून दुसऱ्यात जाताना लाकडी होडी खांद्यावर वाहण्याची पाळी आली, तेव्हा हीच वस्तू विमानाच्या पत्र्याची का नसावी, असा विचार त्यांच्या डोक्यात आला. खांदा दुखल्याखेरीज अधिकारीवर्गाला नवे सुचत नाही. १९४५ पासून ग्रुमनच्या ॲल्युमिनिअमच्या होड्या निघू लागल्या. १९४८ मध्ये हॉवर्ड लुंड यांनी मिनेसोटातल्या न्यूयॉर्क मिल्स नावाच्या लहानशा गावात आपल्या बोटींचा कारखाना सुरू केला. पुढे घरोघरी अशा बोटी आल्या आणि घरोघरी त्या पडून राहिल्या. ॲल्युमिनिअम गंजून झडत नाही, सडत नाही, वाळवी त्याला तोंड लावत नाही. त्यामुळे पन्नास वर्षांनीही बोट विक्रीला उभी असते. सडते ते बाकीचे सगळे: प्लायवूड, फोम, वायरी, रबर आणि विक्रेत्याची स्मरणशक्ती. ‘ठेवली तेव्हा चालू होती’ हे वाक्य प्रत्येक विक्रेता म्हणतो. कधी ठेवली, हे मात्र कोणालाच आठवत नाही.

खरेदीचा हंगाम शरद ऋतू. तळी गोठायच्या आत अडगळ काढायची म्हणून भाव उतरतात. बोटीच्या पिछाडीला ज्या उभ्या भिंतीवर इंजिन अडकवतात तिला ट्रान्सम म्हणतात. खरेदीदाराने इंजिनाच्या खालच्या टोकाला धरून झोके द्यावेत. ट्रान्समही बरोबर डोलू लागली तर आतले लाकूड गेले, असे समजावे. बहुतेक खरेदीदार ती डोलताना पाहतात, मान डोलावतात आणि पैसे मोजतात. मिनिआपोलिसच्या पश्चिमेला प्लिमथ, मेपल ग्रोव्ह या उपनगरांतून राहणाऱ्या मराठी कुटुंबात या टप्प्यावर एकच मूलभूत प्रश्न विचारला जातो. तो सहा महिन्यांसाठी आलेल्या आजी विचारतात: “पोहता कोणाला येतं?” त्यावर सगळे लाइफ जॅकेटविषयी बोलू लागतात.

घरी आणण्याचा प्रवास हा पहिला जलप्रवास, पूर्णपणे कोरडा. त्यात बोटीला काही होत नाही, जे व्हायचे ते ट्रेलरला होते. चाकांच्या बेअरिंगांत वर्षानुवर्षे पाणी शिरलेले असते आणि ग्रीस कधीच संपलेले असते. हायवेवर पंधरा-वीस मैल गेल्यावर चाकाच्या तुंब्याला हात लावून पाहावा. कोमट असेल तर पुढे जावे, चटका बसला तर थांबावे. ट्रेलरचे दिवे लागत नाहीत हा नियमच आहे. दोष बहुतेक वेळा बल्बचा नसून अर्थिंगच्या गंजलेल्या स्क्रूचा असतो, आणि हे बल्ब बदलून झाल्यावर कळते.

गॅरेजात बोट शिरली की गाडी बर्फात उभी राहते. मग सुरू होते गळती शोधण्याचे काम, आणि त्याची रीत अशी की बोटीत पाणी भरायचे. पाणी आत येऊ नये म्हणून विकत घेतलेल्या वस्तूत बागेचा पाइप सोडलेला पाहून शेजारी कुंपणापाशी येऊन उभे राहतात. पण यात तथ्य आहे. आतले पाणी पत्रे जोडणाऱ्या ज्या रिव्हेटमधून थेंब थेंब बाहेर येते, त्याच रिव्हेटमधून तळ्याचे पाणी आत येणार. खाली वाकून प्रत्येक ओल्या रिव्हेटभोवती पेन्सिलीने गोल करतात. पाणी तीन-चार इंचांच्या वर भरू नये आणि तळाखाली जागोजाग ठोकळे द्यावेत. तेवढ्या पाण्याचेच वजन साडेतीनशे-चारशे किलोंच्या घरात जाते, आणि जुन्या ट्रेलरने तेवढ्यावर कंबर टेकल्याची उदाहरणे आहेत.

सैल रिव्हेट पुन्हा घट्ट करायला दोन माणसे लागतात. एकाने बाहेरून रिव्हेटच्या डोक्यावर हातोडा किंवा हवेची बंदूक चालवायची, दुसऱ्याने आतून शेपटीवर जड पोलादी ठोकळा दाबून धरायचा. आतल्याला बाहेरचा दिसत नाही, आणि कानांत बोळे असल्याने दोघांनाही काही ऐकू येत नाही. बाहेरून “धरलंस का?” असा प्रश्न जातो. आतून “काय?” असे उत्तर येते. ते ‘हो’ समजून हातोडा बसतो. ठोकळा पुढच्याच रिव्हेटवर असल्याने पत्र्याला पोचा येतो आणि घरात दोन दिवस जेवणे मुकाट्याने होतात. विमानांच्या कारखान्यांत ही अडचण बोटांनी टकटक करण्याच्या खुणा ठरवून सोडवलेली होती. कुटुंबात खुणांचा अर्थ आधीच वेगळा ठरलेला असतो. रिव्हेट घट्ट बसल्यावर आतून सीलंटचा लेप देतात. चांगले मरीन सीलंट पक्के सुकायला आठवडा घेते आणि बोटांवरून त्याहून उशिरा निघते.

ट्रान्समचे काम सर्वांत मोठे. बोल्ट काढून पत्रा सैल केला की आतले जुने प्लायवूड एकसंध निघेल, अशी अपेक्षा असते. प्रत्यक्षात ते ओल्या भुशाच्या रूपात खरवडून काढावे लागते, आणि स्वयंपाकघरातले एक उलथणे या कामी कायमचे जाते. जुन्या फळीचा जो तुकडा शाबूत निघेल त्यावरून कागदाचा नमुना काढावा. पाऊण इंची मरीन प्लायचे दोन थर इपॉक्सीने चिकटवून दीड इंची नवी फळी करतात आणि तिच्या कडा व बोल्टची भोके इपॉक्सीने बंद करतात. इथे दुकानदार हमखास एक प्रेमळ सल्ला देतो: ‘प्रेशर ट्रीटेड’ लाकूड घ्या, कधी सडणार नाही. लाकूड सडणार नाही हे खरे. पण त्या प्रक्रियेत तांब्याची संयुगे मुरवलेली असतात, आणि ओलाव्यात तांबे व ॲल्युमिनिअम एकत्र आले की विजेचा बारीक प्रवाह सुरू होऊन ॲल्युमिनिअम झिजू लागते. याच कारणाने तळाला तांबेयुक्त रंग लावत नाहीत. १९८२ पूर्वीच्या एका सेंटाच्या नाण्यात ९५ टक्के तांबे असे. असे नाणे खिशातून पडून तळाच्या ओलाव्यात विसरले गेले, तर कालांतराने पत्र्याला भोक पाडू शकते. एका सेंटात एवढे नुकसान दुसऱ्या कोणत्याही मार्गाने करता येत नाही.

बाकांखाली आणि तळफळीखाली फोम भरलेला असतो. बोट पाण्याने भरली तरी तिने तरंगत राहावे, ही त्याची नेमणूक. वर्षानुवर्षे ओलाव्यात बसून तो स्वतःच पाणी पितो. एक घनफूट पाणी अठ्ठावीस किलोंचे, म्हणजे चार-पाच घनफूट भिजका फोम ही तिकीट न काढलेली दोन माणसे झाली. आजी तो उन्हात वाळत घालायला सांगतात. कुरडयांना लागू पडणारा हा उपाय इथे निरुपयोगी ठरतो, कारण फोमच्या बंद कप्प्यांत शिरलेले पाणी उन्हाला दाद देत नाही. तो कापून टाकावा आणि त्याच जागी नवा भरावा. जुना काढून नवा न भरणारे लोक असतात. त्यांना बोट हलकी झाल्याचा आनंद होतो, तो पहिल्या अपघातापर्यंत टिकतो.

रंगाबद्दल फार सांगण्यासारखे नाही. पत्रा घासल्यावर लगेच प्राइमर द्यावा आणि गॅरेजात ऊब असावी. रंग कोणता, यावर मुलांचे एकमत होत नाही आणि शेवटी दुकानात जो सवलतीत असेल तो लागतो.

इंजिनाची गोष्ट आइस्क्रीमपासून सुरू होते, निदान तशी सांगतात. विस्कॉन्सिनमधल्या ओकाउची तळ्यावर ओले एव्हिनरूड हे नॉर्वेहून आलेले गृहस्थ बेस या आपल्या भावी पत्नीसाठी आइस्क्रीम आणायला वल्ही मारत गेले, परत येईतो ते वितळले, आणि त्या चिडीतून होडीला इंजिन लावण्याची कल्पना निघाली. १९०९ मध्ये त्यांची इंजिने बाजारात आली: दीड अश्वशक्ती, ६२ पौंड वजन, ६२ डॉलर किंमत. एव्हिनरूड इंजिनांचे उत्पादन २०२० मध्ये बंद झाले. तरी जुनी हजारोंनी चालू आहेत, आणि चालू नसलेली त्याहून जास्त.

पडून राहिलेल्या इंजिनात तीन गोष्टी आधी पाहाव्यात. कार्बोरेटर उघडल्यावर आत पेट्रोलऐवजी काकवीसारखे काहीतरी सापडते. पेट्रोलमधले इथेनॉल हवेतला ओलावा धरते, म्हणून मिनेसोटात बोटींसाठी व छंदाच्या जुन्या गाड्यांसाठी इथेनॉलरहित पेट्रोलचा वेगळा नळ मिळतो. खालच्या गिअरचे तेल दुधट निघाले तर आत पाणी शिरले आहे. तिसरा तो पाणी खेचणारा रबरी इम्पेलर. त्याच्या पाकळ्या वाळून एका बाजूला निजलेल्या असतात, तो बदलावाच. इंजिन जमिनीवर सुरू करताना पाणी घेण्याच्या भोकांवर रबरी वाट्या बसवून बागेचा पाइप जोडतात. पाण्याविना थोडा वेळ जरी चालवले तरी नवा इम्पेलर जळतो. सगळे जमून मागून पाण्याची बारीक धार उडाली आणि निळा धूर गॅरेजभर पसरला की कुटुंबात प्रथमच टाळ्या वाजतात.

बोटीची नोंदणी तीन वर्षांची मिळते. नाळेच्या, म्हणजे बोटीच्या पुढच्या टोकाच्या, दोन्ही बाजूंना नोंदणी क्रमांक किमान तीन इंच उंचीच्या अक्षरांत लावावा लागतो. किती माणसे बसवायची, हे बोटीवरच्या पाटीवर असते. पाटी उडून गेली असेल तर लांबी गुणिले रुंदी भागिले पंधरा, सगळे फुटांत, असे सूत्र वापरतात. चौदा फूट लांब आणि पाच फूट रुंद बोटीत चार माणसे बसतात, तीही शांत पाण्यात. मराठी कुटुंब पाच-सहा जणांचे, वर पुरणपोळ्यांचा डबा, थर्मास, सतरंजी आणि ‘असू दे’ म्हणून घेतलेली पिशवी. सूत्रात पिशवीला जागा नाही. त्यामुळे कोण काठावर थांबणार, यावर घरातून निघतानाच वाद होतो आणि तो आजोबांच्या त्यागाने मिटतो. दहा वर्षांखालच्या मुलांनी चालत्या बोटीत लाइफ जॅकेट घालणे राज्याच्या कायद्याने सक्तीचे आहे. मोठ्यांसाठीही प्रत्येकी एक हवेच.

कोकणात होड्या नारळी पौर्णिमेला, पावसाचा जोर ओसरल्यावर, समुद्रात उतरतात. मिनेसोटात बर्फ वितळल्यावर, बहुतेक मे महिन्यात. पूजा तरीही होते. नारळ मात्र नाळेवर फोडू नये, पत्र्याला पोचा येतो. तो फुटपाथच्या कडेवर फोडावा.

तळ्याच्या उतारावर ट्रेलर उलटा नेणे हा या प्रवासाचा सर्वांत लांबचा पल्ला. ट्रेलर डावीकडे न्यायचा तर स्टिअरिंग उजवीकडे फिरवावे लागते. यावर सोपा तोडगा असा की स्टिअरिंगला तळाशी धरावे आणि ट्रेलर ज्या बाजूला न्यायचा त्या बाजूला हात सरकवावा. मागे आजोबा ट्रेलरचा पत्रा बडवत “येऊ दे, येऊ दे, येऊ दे” म्हणत असतात. “बस्स!” ते ट्रेलर झुडपात शिरल्यावर म्हणतात. मागे चार पिकअप खोळंबलेले असतात. मिनेसोटात कोणी भोंगा वाजवत नाही. चालक खाली उतरून हसऱ्या चेहऱ्याने “मदत करू का?” विचारतात, आणि ते भोंग्यापेक्षा जास्त लागते.

प्लिमथमधले मेडिसिन लेक सुरुवातीला बरे. मिल लॅक हे उत्तरेचे मोठे तळे सव्वा लाख एकरांहून मोठे, पण खोली कुठेही चाळीस-बेचाळीस फुटांच्या फार पुढे नाही. वारा सुटला की तिथे लाटा झटपट उठतात आणि चौदा फुटी बोटीला त्या झेपत नाहीत. मोठी मुले वॉटर स्कीइंगचा हट्ट धरतात. तो खेळ १९२२ मध्ये याच राज्यात लेक पेपिनवर अठरा वर्षांच्या राल्फ सॅम्युअलसनने सुरू केला, हे खरे. पण जुन्या पंधरा अश्वशक्तीच्या इंजिनाला आधीच चार माणसे आणि पुरणपोळ्या ओढायच्या असतात.

पाण्यात उतरल्यावर पहिल्या पाच मिनिटांत पायाला गार लागले तर रिव्हेटला दोष देण्याआधी पिछाडीचे बूच पाहावे. ते गाडीच्या डॅशबोर्डवर असते. परतताना याच बुचाची बाजू उलटते. झेब्रा शिंपल्यांसारखे परके जीव एका तळ्यातून दुसऱ्यात जाऊ नयेत म्हणून मिनेसोटात रस्त्याने बोट नेताना पाणी ओतून बूच काढून ठेवणे कायद्याने बंधनकारक आहे. ऑक्टोबर उजाडला की इंजिनातले पाणी काढून, गिअरचे तेल बदलून बोट पुन्हा गॅरेजात आणि गाडी पुन्हा बर्फात.

ज्यांना नुसते तळ्यात फिरायचे आहे त्यांनी तासावर भाड्याची बोट घ्यावी. ती स्वस्त पडते, गळत नाही आणि परत करता येते. जुनी बोट त्यांनीच घ्यावी ज्यांना हिवाळ्यात घरात काम हवे आहे आणि ज्यांच्याकडे आत बसून ठोकळा धरणारे एक माणूस आहे.