डावीकडे काही नाही, उजवीकडेही

बसमध्ये खिडकी मिळाली की मराठी माणसाने निम्मी लढाई जिंकलेली असते. उरलेली निम्मी काच उघडते की नाही यावर ठरते. पॅटागोनियाच्या बसमध्ये मला खिडकी मिळाली, काच उघडणारी नव्हती आणि बाहेर बघायला काही नव्हतं.

ही तक्रार नाही, भूगोल आहे. अर्जेंटिनाच्या दक्षिणेला सांताक्रूझ नावाचा प्रांत आहे. क्षेत्रफळ सुमारे २.४४ लाख चौरस किलोमीटर, म्हणजे महाराष्ट्राच्या पाऊण हिश्शाहून जास्त. आणि वस्ती साडेतीन लाखांच्या आत. आपल्याकडे एका आमदाराच्या यादीत जवळपास एवढे मतदार असतात. त्या प्रांतातून 'रुता ४०' नावाचा महामार्ग जातो. खाली काबो वीर्खेनेसपासून वर बोलिव्हियाच्या सीमेवरच्या ला कियाकापर्यंत, पाच हजार किलोमीटरहून लांब. बारिलोचेहून निघालेली आमची बस त्यावरून दक्षिणेकडे चालली होती. चालली होती असं ड्रायव्हर म्हणत होता. बाहेरचं दृश्य बदलत नसल्यामुळे पुरावा काही नव्हता.

मी आपण होऊन जाणाऱ्यातला नव्हे. भाचीला पाठीवर सॅक टाकून जग बघायचं होतं आणि तिच्या आईला, म्हणजे माझ्या बहिणीला, बरोबर कोणीतरी 'जबाबदार' हवं होतं. त्यामुळे एक सॅक माझ्याही पाठीवर आली. साठीला टेकलेल्या माणसाच्या पाठीवर सॅक चढवायला दोघं लागतात. उतरायला ती स्वतःच तयार असते. माझ्या सॅकेत कपडे वरवर होते. खाली बहिणीने भाकरवडी, चकली, मेतकूट, लिंबाचं लोणचं आणि मुखशुद्धीला बडीशेप असं सगळं कोंबलं होतं. पाठ दुखायची ती खरं म्हणजे फराळाने.

या बसमध्ये दोन प्रकारच्या सीटा असतात. 'कामा' जवळजवळ आडवी होते, 'सेमी-कामा' तिच्या निम्मी. आम्ही पैसे वाचवून निम्मे झोपलो. रात्री दहाला जेवण आलं. आम्ही शाकाहारी आहोत, असं भाचीने स्वच्छ स्पॅनिशमध्ये सांगितलं. वाढप्याने दवाखान्यात भेटायला आल्यासारखा चेहरा केला आणि हॅम-चीजचं सँडविच दिलं. पुन्हा समजावल्यावर त्यातलं हॅम काढून आमच्यादेखत खाल्लं आणि उरलेलं परत दिलं. माणूस सरळ होता.

पहिला ग्वानाको दिसला तेव्हा अख्खी बस एका बाजूला कलली. हा उंटाच्या कुळातला, लामाचा रानटी भाऊबंद. दुपारपर्यंत ग्वानाकोंचे कळप जात होते आणि कोणी मान वर करत नव्हतं. मग शहामृगासारखा एक पक्षी पिलांची रांग घेऊन पळताना दिसला. यांच्यात अंडी उबवणं आणि पिलं वाढवणं नराकडे असतं, मादी पुढच्या घरट्याकडे निघून जाते. भाचीने ही माहिती मला वाचून दाखवली आणि म्हणाली, "मामा, हे मामीला सांगू?" मी झोपलेलो होतो.

मधेच रस्त्याकडेला लाल निशाणं लावलेलं एक छोटं देऊळ आलं. ड्रायव्हरने हॉर्न वाजवला. गाऊचितो खिल नावाचा कोणी लोकांचा लाडका पुण्यात्मा; चर्चच्या संतांच्या यादीत नाही, पण हॉर्न न वाजवता पुढे गेलं तर प्रवासात विघ्न येतं म्हणतात. माझा हात आधीच छातीला लागला होता. कोणाचं आहे ते मागाहून विचारता येतं.

पहाटे पेरितो मोरेनो आलं. एक जर्मन पोरगा कॅमेरा सरसावून उतरू लागला, कारण पेरितो मोरेनोची हिमनदी जगप्रसिद्ध आहे. ड्रायव्हरने त्याला दंडाला धरून परत बसवलं. हे गाव, हिमनदी अजून सहाशेच्या वर किलोमीटर पुढे, आणि याच नावाचं राष्ट्रीय उद्यान तिसरीकडेच. तिन्ही एकाच प्रांतात. ज्याच्या नावाने हा घोळ आहे ते फ्रान्सिस्को मोरेनो चिलीबरोबरच्या सीमातंट्यात अर्जेंटिनाचे तज्ज्ञ होते. हद्दी स्पष्ट करण्यात आयुष्य घालवलेल्या माणसाचं असं स्मारक करायला विनोदबुद्धी लागते. हिमनदीबद्दल मी लिहिणार नाही. ती सुंदर आहे, हे ती स्वतः मोठ्याने कडाकडा सांगते.

डार्विन १८३० च्या दशकात या भागात आला होता. पुढे त्याने लिहिलं, की ही माळरानं सगळ्यांच्या मते भिकार आणि निरुपयोगी, तरी माझ्या डोळ्यांसमोर वारंवार तीच का येतात कोण जाणे. डार्विनला कळलं नाही ते मला बसमध्ये कळलं. तिथे दुसरं काही येतच नाही डोळ्यांसमोर.

खरी करमणूक पुढे होती. आम्हाला जायचं होतं ते उश्वाया अर्जेंटिनात, आम्हीही अर्जेंटिनात. पण १८८१ च्या तहाने तिएरा देल फुएगो बेटावर पट्टी ठेवून उभी रेघ मारली, त्यामुळे रस्ता चिलीतून जातो. इथून बाहेर पडल्याचा शिक्का, तिथे आत शिरल्याचा, मॅगेलनची सामुद्रधुनी तराफ्यावर ओलांडायची, मग पुन्हा तेच दोन शिक्के उलटे. आणि चिली म्हणजे फळं निर्यात करणारा देश. फळमाशी आणि परकं बियाणं यांना चोरापेक्षा जास्त घाबरतो. नाक्यावरचा कुत्रा आधी माझ्याच सॅकेपाशी बसला. तपासणीच्या बाईंनी मेतकूट हुंगलं, शिंकल्या, परत हुंगलं. भाकरवडी तळलेली, सोडली. लोणच्यावर दोन अधिकाऱ्यांची बैठक झाली आणि तेही सुटलं. बडीशेपेवर मात्र बोट थांबलं.

"पेरणीसाठी?"

"जेवणानंतर," भाची म्हणाली.

बी ते बी. बडीशेप कचऱ्याच्या डब्यात गेली. त्यांचं बरोबरच होतं. बहिणीला काय सांगायचं हा वेगळा प्रश्न. तराफ्यावर सगळे काळेपांढरे डॉल्फिन बघायला कठड्याशी धावले. वाऱ्यात टोपी धरू की कठडा, हे ठरेपर्यंत टोपीने स्वतःच ठरवलं.

रात्री दहाच्या उजेडात उश्वायाला उतरलो. जगाचा शेवट इथेच, अशी पाटी आहे. तिच्याशेजारी माझा फोटो काढून झाल्यावर भाचीने बीगल खाडीपलीकडे बोट दाखवलं.

"मामा, खरं टोक तिकडे. पुएर्तो विल्यम्स. याच्याही दक्षिणेला. बोटीने जाता येतं."

"कोणाचं आहे ते?"

"चिलीचं."

मी सॅक उतरवली आणि उरलेल्या चकल्या तिथेच, उभ्याउभ्या, संपवायला घेतल्या.